सरलावहिनींच्या खोलीतला चौथा बळी

१

चौथा बळीही पहिल्या तिघांसारखाच गेला. खोली बंद, दाराला बाहेरून कुलूप, खिडकीला आतून कडी, झटापटीची खूण नाही, कुणी आरडाओरडा ऐकलेला नाही. मृत करंगळीएवढा होता. बॅटरी होती ती.

आता, बॅटरी मेली म्हणून कुणी सुतक पाळत नाही. बॅटऱ्या मरायलाच जन्माला येतात. पण गाझियाबादच्या पंचगंगा सोसायटीत ही बातमी जिन्याजिन्यातून फिरली, आणि सांगणारा प्रत्येक जण आवाज उतरवून सांगत होता.

पंचगंगा ही निवृत्तांची वसाहत. केंद्र सरकारच्या नाना खात्यांत फायली हलवून किंवा न हलवून थकलेली मराठी कुटुंबं दिल्लीतली आर. के. पुरमची क्वार्टर्स सोडून इथे आली. त्यांची मुलं इथूनही पुढे गेली, कुणी गुडगावला, कुणी टोरांटोला. मागे उरले म्हातारे. त्यांच्यासाठी एका कंपनीने घराघरात दारांना आणि खिडक्यांना काडेपेटीएवढ्या डब्या चिकटवल्या. सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं की तिथली डबी तसा निरोप सोडायची. वायर कुठे नाही. एक डबी दुसरीला सांगायची, दुसरी तिसरीला, असा तो निरोप तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसात पोचायचा आणि तिथून मुलाच्या मोबाईलवर. मोबाईलवर हिरवा ठिपका आला म्हणजे वडील उठले. मुलांना आईवडिलांची खुशाली ठिपक्यात कळू लागली आणि फोन करायचा त्रास वाचला.

प्रत्येक डबीत एक बॅटरी, दोन वर्षं चालेल अशी. सगळ्या ए विंगमध्ये त्या चालतही होत्या. फक्त दुसऱ्या मजल्यावर, गुणवंतरावांच्या घरात, त्यांच्या दिवंगत पत्नीच्या खोलीतल्या खिडकीवरची बॅटरी काही आठवड्यांत मरायची. त्या खोलीत कुणी राहत नव्हतं. खिडकी कुणी उघडत नव्हतं. त्या डबीला जगात काडीचं काम नव्हतं. मग ती कुणासाठी झिजत होती?

विंगने आपलं उत्तर काढलं होतं. धुक्याच्या सकाळी फिरायला निघालेल्या लोकांनी वर पाहिलं होतं. समोरची इमारत दिसत नाही अशा त्या पांढऱ्या अंधारात सरलावहिनींच्या खिडकीत एक बारीक हिरवा दिवा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा लुकलुकायचा. कुणीतरी मान डोलावत ऐकत बसावं तसा. तेव्हापासून फिरायला जाणाऱ्यांनी रस्ता बदलला.

तिसऱ्या मजल्यावर अहिल्याबाई एकट्याच राहत. टपाल खात्याच्या ज्या कार्यालयात पत्ता न लागणारी पत्रं येऊन पडतात, तिथे त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे सोसायटीत चष्मा हरवला, चप्पल हरवली किंवा ठरलेलं लग्न हरवलं, तरी लोक त्यांच्याकडे येत.

चौथी बॅटरी गेली त्या दुपारी गुणवंतराव स्वतः जिना चढून आले. दारातच म्हणाले, "अहिल्याबाई, मानस रविवारी मला न्यायला येतोय."

"कुठे?"

"ग्रेटर नोएडाला. म्हाताऱ्यांच्या हॉटेलात. कायमचं."

२

गुणवंतरावांचं घर भर दुपारी दिवाळीसारखं पेटलेलं होतं. हॉलची ट्यूब, स्वयंपाकघराचा दिवा, न्हाणीघराचा दिवा, गीझर, आणि थंडीने दात वाजत असताना बैठकीचा पंखासुद्धा. गुणवंतरावांना आयुष्यात खटका चालू करणं तेवढं येत असे. बंद करण्याचं खातं चाळीस वर्षं सरलावहिनींकडे होतं.

एवढ्या झगमगाटात एकच वस्तू बंद होती. दाराशी, चपलांच्या कपाटामागच्या बोर्डात खोचलेलं डासांचं पांढरं यंत्र. जानेवारीत डास कुठले, म्हणून बाईंनी तिकडे फार लक्ष दिलं नाही.

सरलावहिनींच्या खोलीच्या बंद दारासमोर एक खुर्ची होती. खुर्चीच्या हातावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं होतं. दाराच्या वर झरोका, त्याला दुधी काच.

"इथे बसून बोलता तुम्ही?"

"बसतो. मानस म्हणतो, तुम्ही आईशी बोलता, आत जाता, बॅटरी काढता-घालता, म्हणून ती संपते. डोकं फिरलंय तुमचं." गुणवंतरावांनी शांतपणे सांगितलं, जणू शेजाऱ्याबद्दल बोलत होते. "बोलतो, हे खरं. आत मात्र जात नाही. किल्ली त्यानेच सोसायटीच्या ऑफिसात ठेवायला लावली."

"आणि वहिनी? त्या काही म्हणतात?"

गुणवंतरावांनी काचेकडे बोट केलं. "तो दिवा या काचेवर उमटतो. सकाळी चहाच्या वेळेला फार बोलते, तुम्हाला माहीतच आहे तिची सवय. मग हळूहळू कमी होतं. रात्री एकदम गप्प."

"रोज?"

"नाही. नवी बॅटरी घातली की रुसते. काही दिवस अक्षर नाही. मग मानस येऊन गेला की पुन्हा बोलायला लागते." ते थोडे हसले. "मुलगा डोळ्यांनी दिसला की आईला बरं वाटणारच ना."

खोलीत सिमेंटसारखी थंडी होती.

"मी नेमकं काय शोधून काढू, गुणवंतराव?"

"मी वेडा नाही, एवढं दाखवून द्या. मी गेलो तर ती इथे एकटी राहील." मग आवाज खाली गेला. "आणि ती आहे हेही दाखवता आलं, तर तेही दाखवा."

"दोन्ही एकदम जमणं अवघड आहे."

दोघांनी काचेकडे पाहिलं. बॅटरी मेलेली, काच काळी. आणि तेवढ्यात आतून कुणीतरी टकटक केलं.

"कबूतर असेल खिडकीवर," अहिल्याबाई ठामपणे म्हणाल्या. पण जिना चढताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

३

किल्ली विलासरावांच्या टेबलाच्या खणात असे. विलासराव सोसायटीचे सेक्रेटरी. चेहरा सदैव नुकतीच चौकशी लागल्यासारखा.

"किल्ली कुणाला दिलीत?"

"कंपनीच्या त्या साकेत इंजिनिअरला. तो येतो, बॅटरी बदलतो, किल्ली परत देतो. बाकी कुणालाही नाही."

"तुम्ही स्वतः कधी गेलात वर?"

"मी? त्या खोलीत?" विलासरावांनी खुर्ची मागे सरकवली. "अहिल्याताई, मी लिफ्टने वर जाताना दुसरा मजला आला की डोळे मिटतो. आज सकाळी दूध आणायला निघालो, वर नजर गेली, बिल्कुल काळोख होता खिडकीत. मला वाटलं, चला, सुटलो. मग वाटलं, ती खाली तर नाही उतरली? परत घरात."

"म्हणजे दूध नाही आणलंत."

"चहा बिनदुधाचा प्यायलो."

हा माणूस दिवसाढवळ्याही त्या खोलीत शिरला नसता. बाईंनी त्याच्यावरचा संशय तिथेच सोडला.

संध्याकाळी त्यांनी हेमांगीला फोन लावला. हेमांगी म्हणजे मानसची बायको. ती आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "मावशी, खरं सांगू? बाबांना तिथेच राहू द्यावं असं मला वाटतं. पण मानस ऐकत नाही यार."

"हट्ट का एवढा?"

"हट्ट नाही, भीती आहे. आई गेल्या त्या दिवशी बाबा मित्राला बघायला हिंदूराव हॉस्पिटलला गेले होते. आई त्या खोलीत पडल्या, दिवसभर तशाच होत्या. मानस सकाळी फोन करणार होता. मीटिंग होती, म्हणून राहिला. ही डब्यांची स्कीमसुद्धा त्यानेच सोसायटीच्या गळ्यात मारली नंतर. आणि आता नेमकी त्याच खोलीतली डबी मरते, दर वेळी. त्याला झोप लागत नाही."

फोन ठेवल्यावर अहिल्याबाई बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. बाहेर धुकं इतकं दाट होतं की आपलीच इमारत आपल्याला सोडून गेली आहे असं वाटावं. संशयित एकेक करून गळत होते. ही चिन्हं चांगली नव्हती. सगळे जिवंत संशयित गळले की मेलेला तेवढा उरतो.

४

साकेत दुसऱ्या दिवशी दुपारी आला. नोएडात जन्मलेला मराठी मुलगा, पाठीला मोठी बॅग. दारातून शिरताच त्याने चपलांच्या कपाटामागे हात घालून लॅपटॉपची वायर खोचली, खटका दाबला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्या मशीनची बॅटरी तर एकदम गेलेली आहे. पाच मिनिटं."

मग कुलूप उघडलं.

अहिल्याबाईंनी आत पाऊल टाकलं नाही, आधी जमीन पाहिली. धूळ अखंड पसरलेली होती. दारापासून खिडकीपर्यंत जाणारी आणि परत येणारी बुटांची एकच ओळ, तीही साकेतच्याच बुटांची. पलंगावर घडी घातलेली शाल. खिडकीशी वेताची खुर्ची, खाली ऑफिसच्या छपराकडे तोंड करून. बसणारी आत्ताच उठून आत गेली असावी इतकी ती थोडीशी तिरकी होती. हवेत अजून वेखंडाचा वास होता. चालणारं या खोलीत कुणी आलं नव्हतं. न चालणाऱ्याबद्दल जमीन काही सांगत नव्हती.

"ही घ्या," साकेतने डबीत नवी बॅटरी बसवून मेलेली त्यांच्या हातावर ठेवली. ती बर्फासारखी होती.

"कशाने मेली?"

"तेच तर कळत नाही. बघा, ही डबी झोपलेली असते. खिडकी उघडली की जागी होणार, निरोप देणार, पुन्हा झोपणार. त्यात काही खर्च नाही. बोलायला थोडी बॅटरी लागते. पण सगळ्यात जास्त लागते ती ऐकायला."

"ऐकायला?"

"हां. दुसऱ्या कुणाचा निरोप पुढे पोचवायचा असेल तर डबीला जागं राहावं लागतं, कान लावून. कोण कधी बोलेल काय माहीत! त्यातच बॅटरी जाते. ही बोलून नाही मेली, मॅडम. ऐकून ऐकून मेली."

बाईंची नजर खिडकीशी गेली. सरलावहिनी हयातीत त्याच वेताच्या खुर्चीत बसून विंगचं सगळं ऐकत. त्यांच्या खिडकीवरून गेल्याशिवाय वरच्या मजल्यांची बातमी कधी खाली उतरली नव्हती.

"मग ही कुणाचं ऐकतेय?"

"कुणाचंच नाही पाहिजे. ए विंगसाठी रिपीटर आहे ना. तो विजेवर चालतो, त्याला बॅटरीची चिंता नाही, म्हणून सगळे निरोप त्याच्यातून जातात. तो नसला तरच डब्या आपसांत दुसरा रस्ता शोधतात." साकेतने लॅपटॉप उचलून दाखवला. स्क्रीनवर मजल्यांचा नकाशा होता आणि सगळ्या हिरव्या रेषा एका मोठ्या ठिपक्याला मिळत होत्या. सरलावहिनींची खिडकी बाजूला एकटी पडलेली. "बघा, रिपीटर चालू. रस्ता बरोबर. दर वेळी मी येतो, दर वेळी हेच दिसतं."

"काल कुठल्या रस्त्याने गेले निरोप?"

"ते नाही कळणार. कंपनी निरोप साठवते, रस्ता नाही साठवत. निरोप पोचतोय ना, मग कोण बघतो!"

"आणि तो दिवा?"

"निरोप पुढे गेला की लुकलुकतो. टेस्टिंगचा आहे, बंद करायचा राहिला. पण सच सांगू, मॅडम? मी असतो तेव्हा हा एकदाही लुकलुकलेला नाही. अंकलना भास होतो."

बाहेर खुर्चीत बसलेल्या गुणवंतरावांनी ते ऐकलं. ते म्हणाले, "परक्या माणसासमोर ती बोलत नाही."

५

शनिवारभर अहिल्याबाईंनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. पत्र हरवलं की लोक पोस्टमनला धरतात. बाई नोकरीत असताना आधी विचारत, पत्र गेलं कुठल्या वाटेने? आणि वाट बदलली असेल, तर ती कुणी बदलली?

इंजिनिअर आला की भूत गप्प. मुलगा आला की भूत बोलतं. भुताला दोघांत फरक करता येत असेल तर ते भूत फार हुशार होतं. नाहीतर त्या दोघांपैकी प्रत्येक जण घरात काहीतरी करून जात होता, आणि दोघे एकमेकांच्या उलट करत होते.

मग त्यांना तो झगमगाट आठवला. जो माणूस पंखासुद्धा बंद करत नाही, त्याच्या घरात एकच खटका बंद. तो बंद केला कुणी?

संध्याकाळी त्यांनी साकेतला फोन केला. "उद्या सकाळी ये. लॅपटॉप घरून भरून आण. इथे खोचायचा नाही."

"का, मॅडम?"

"माझी अट आहे."

रविवारी संक्रांतीचा तिळगूळ होता, खाली ऑफिससमोर. धुकं उठलंच नव्हतं. मानस आणि हेमांगी आले तेव्हा गुणवंतरावांची बॅग दाराशी तयार होती, आणि गुणवंतराव तिच्याशेजारी एखाद्या दुसऱ्या बॅगेसारखे बसले होते. अहिल्याबाई आणि साकेत जिन्याच्या कट्ट्यावर थांबले होते.

मानस घरात शिरला आणि बोलता बोलता फिरू लागला. "बाबा, ही ट्यूब कशाला? गीझर परत चालू? पंखा, थंडीत?" टक, टक, टक. बोलणं तोंडाने, खटके हाताने, आणि हाताला काय चाललंय ते तोंडाला माहीत नाही.

अहिल्याबाईंना एकदम थंडी वाजली. हा हात त्यांनी पूर्वी पाहिला होता. त्या हातात तेव्हा हिरव्या बांगड्या होत्या.

"मानस," त्या म्हणाल्या, "जायचंच आहे तर जा. पण आधी खाली जाऊन तिळगूळ घेऊ सगळे."

"मावशी, उशीर होतोय."

"आईची सोसायटी आहे. तोंड गोड न करता नेशील बाबांना?"

गुणवंतराव उठले, हेमांगी त्यांच्या मागे, मानस शेवटी. उंबऱ्यावर त्याने खिशात चावी चाचपली, कडीला हात घातला, आणि डावा हात मागे, चपलांच्या कपाटाआड गेला.

टक.

"थांब," अहिल्याबाई म्हणाल्या. "तसाच उभा राहा. हात हलवू नकोस."

"काय झालं?"

"साकेत, तुझा नकाशा बघ."

साकेतने पाहिलं, आणि कट्ट्यावरून उठून उभा राहिला. मोठा ठिपका विझला होता. हिरव्या रेषा तुटून पडल्या. क्षणभर विंग अख्खी अंधारली. मग तिसऱ्या मजल्यावरून एक रेषा सरपटत निघाली, चौथ्यावरून दुसरी, पाचव्यावरून तिसरी. एकेक करून सगळ्या वाकल्या आणि सरलावहिनींच्या खिडकीत शिरल्या.

घरात, बंद दाराच्या वरची दुधी काच हिरवी झाली. विझली. पुन्हा हिरवी झाली.

हेमांगीने साडीचा पदर घट्ट धरला.

६

"मी काय केलं?" मानसने विचारलं. त्याचा हात अजून कपाटामागे होता.

"खटका बंद केलास."

"कुठला?" त्याने हाताकडे पाहिलं. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं. "हां, ते मच्छरचं मशीन. थंडीत कशाला?"

"त्याला औषधाची बाटली कुठे आहे? मीही फसले होते. ते डासांचं नाही. ए विंगचा रिपीटर आहे तो. कंपनीच्या लोकांनी जिथे बोर्ड दिसला तिथे खोचला आणि निघून गेले. तू दर महिन्याला येतोस, जाताना तो बंद करतोस. मग वरच्या सगळ्या घरांचे निरोप सरलावहिनींच्या खिडकीतून खाली जातात, आणि ती डबी जागून जागून मरते."

"पण मी चेक करत होतो!" साकेत म्हणाला. "दर वेळी रिपीटर चालू होता."

"तू लॅपटॉप कुठे खोचतोस?"

साकेतने कपाटाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"एकाच खटक्यावर दोन्ही प्लग आहेत. आधी रोग्याला बरं करायचास आणि मग नाडी बघून म्हणायचास, तब्येत उत्तम. निरोप पोचत होते, ठिपके हिरवे होते, म्हणून कुणाला काही कळलं नाही. गुणवंतरावांचा यात काडीचा हात नाही. अरे, ज्यांनी जन्मात दिवा विझवला नाही, ते काय बॅटरी विझवणार?"

मानस खाली पाहत होता. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आईचा नियम होता, घराबाहेर शेवटी पडेल त्याने सगळे खटके बंद करायचे. वीज सरकारची असली तरी. त्याचा हात पोचत नसे तेव्हा तो स्टुलावर चढत असे. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पण गुणवंतराव पुढे आले, आणि कपाटामागच्या त्या हाताकडे बघत, चाळीस वर्षांच्या सवयीने, जरा वैतागून म्हणाले,

"अगं, राहू दे ना चालू."

मानसने मान वर केली नाही. त्याने खटका पुन्हा चालू केला. दाराच्या वरची काच काळी झाली. मग त्याने वाकून बॅग उचलली आणि ती आत, वडिलांच्या पलंगाशी नेऊन ठेवली. बाहेर येऊन तो म्हणाला,

"बाबा, मी रोज फोन करीन. ठिपका बघून नाही."

"कर. पण चहाच्या वेळेला नको, मी तेव्हा..." गुणवंतराव थांबले. समोरची काच काळी होती आणि आता काळीच राहणार होती. ती गोष्ट त्यांना त्या क्षणी कळली. ते खुर्चीत टेकले. अहिल्याबाईंना वाटलं, माणसाला घर मिळवून दिलं, आणि त्यातलं माणूस काढून घेतलं.

मग गुणवंतरावांनी साकेतला विचारलं, "सकाळी चहाच्या वेळेला जे फार लुकलुकायचं, ते मग कोण?"

साकेतने बोटं चालवली. "निरोप साठवलेले असतात, अंकल. हे बघा. विलास अंकलचा बाथरूम. रोज तोच पहिला. मग पुन्हा विलास अंकलचा बाथरूम. मग चौथा मजला. मग परत..."

"म्हणजे इतके महिने," गुणवंतराव सावकाश म्हणाले, "मी विलासच्या संडासाशी बोलत होतो."

हेमांगीला हसू फुटलं, मग मानसला, आणि शेवटी गुणवंतरावांनाही. ते डोळे पुसत हसत होते, त्यामुळे कशासाठी पुसले ते सांगता येत नाही.

"आणि दुपारचं?" त्यांनी विचारलं.

"दुपारी काय?"

"जेवणं झाल्यावर सगळी विंग झोपते. तेव्हा एकदाच लुकलुकायचं. रोज. जरासं थांबून आणखी एकदा. बस. ते कोण?"

साकेतने स्क्रीन वर सरकवला. तिसरा मजला, बाहेरचं दार. उघडलं. मिटलं. रोज, त्याच सुमाराला.

अहिल्याबाईंना स्क्रीन बघायची गरज नव्हती. ती टपालाच्या दुसऱ्या फेरीची वेळ. आता पत्रं कुणी लिहीत नाही, तरी जेवण झालं की त्यांचा हात आपोआप कडीला जातो. दार उघडतं. जिन्यात कुणी नसतं. दार मिटतं. हे जगात कुणालाच माहीत नाही अशी त्यांची समजूत होती.

साकेतने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी नजर हलवली नाही, आणि चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. त्याने लॅपटॉप मिटला.

"दुपारचं सिस्टीममध्ये काही नाही, अंकल."

"काहीच नाही?"

"बिल्कुल नाही."

गुणवंतरावांनी समाधानाने मान हलवली. "मला वाटलंच. दुपारी झोपायची नाही ती. लोक कसे काय झोपतात दुपारी, म्हणायची." मग काठी शोधत ते उठले आणि सहज म्हणून वळले. "तुम्ही झोपता का हो, अहिल्याबाई?"

"झोपते की," अहिल्याबाई म्हणाल्या. "चांगली गाढ."